लुसिकचा शेजारी

वर्दावारच्या दिवशी अरागात्स पर्वताच्या उतारावर कोरडे राहण्याचा अधिकार एकाच वस्तूला होता, आणि ती वस्तू म्हणजे काच. गावात त्या दिवशी नातू आजीला सोडत नसे, गवंडी पाद्र्याला सोडत नसे. खिडक्यांतून, गच्च्यांवरून, जर्दाळूच्या फांद्यांआडून पाणी येई, आणि ज्याच्या अंगावर येई त्याने सूर्य मावळेपर्यंत रागवायचे नाही, हा त्या सणाचा एकमेव कायदा. परंतु वेधशाळेच्या माणसांनी फार पूर्वी आपापसांत त्या कायद्याला एक अपवाद जोडून घेतला होता. आकाशाच्या छायाचित्रांच्या काचेच्या प्लेटा ज्या लाकडी पेटीतून नेतात, ती पेटी ज्याने दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आहे, त्याच्यावर पाणी टाकायचे नाही. काचेवरचा लेप एकदा भिजला की ती रात्र पुन्हा कोणालाही मिळत नाही, एवढेच त्यामागचे शास्त्र.

पुढे अर्थातच हुशार लोक रिकाम्या पेट्या डोक्यावर घेऊन हिंडू लागले. दुर्बिणीचा यंत्रज्ञ पार्गेव हा त्यांतला अग्रणी. त्याच्या पेटीत दरवर्षी जर्दाळू असत, आणि पेटी हलवून दाखव म्हटले की तो काचेचा आवाज तोंडाने काढी.

त्या सकाळीही तो संग्रहालयाच्या पायरीवर उभा होता आणि समोरून येझ्निक येत होते. उंच, किंचित वाकलेले, पांढऱ्या भुवयांचे; डोक्यावर पेटी, आणि पावले अशी की जणू पेटीत दूध आहे.

"वारपेत, पेटीत काय?" पार्गेवने विचारले. वारपेत म्हणजे गुरू, कसबी माणूस. वेधशाळेत सगळेच त्यांना या नावाने हाक मारीत.

"लुसिक आहे. तुझ्यात?"

"माझ्यातही तारेच. फक्त पिकलेले."

येझ्निक हसले आणि आत गेले. वेधशाळेत सरलेल्या त्यांच्या सगळ्या आयुष्यात वर्दावारच्या पाण्याचा थेंब त्यांना लागला नव्हता, आणि त्यांची पेटी कधी रिकामी नव्हती. या दोन्ही गोष्टींचा त्यांना सारखाच अभिमान होता.

लुसिक म्हणजे छोटासा उजेड. लेकीबाळींना ठेवतात ते हे नाव येझ्निकांनी एका ताऱ्याला ठेवले होते. हंस नक्षत्राच्या पंखाखाली एक काळोखी अभ्रिका, म्हणजे वायूचा आणि धुळीचा ढग, आहे. तिथे तारे जन्म घेतात. नवजात ताऱ्याभोवती वायूची आणि धुळीची एक चकती फिरत असते, आणि तिच्यातून थोडे थोडे द्रव्य त्याच्या अंगावर उतरत राहते, बाळाच्या पोटात दूध उतरावे तसे. मात्र क्वचित कधी त्या चकतीत साठलेले सारे एकदम लोटते. मग ज्याला आदल्या वर्षापर्यंत कोणी ओळखतही नव्हते असा तारा पाहता पाहता शतपटीने उजळतो. तो लगेच विझत नाही. तो किती काळ तसाच राहतो आणि किती सावकाश उतरतो, हे सांगण्यासाठी कोणातरी माणसाला आपले आयुष्य त्याच्या शेजारी लावून ठेवावे लागते.

येझ्निकांनी ते लावले होते. ऐन तारुण्यात, एका उन्हाळ्यातल्या प्लेटेवर जिथे काहीच नव्हते तिथे पुढच्या उन्हाळ्यातल्या प्लेटेवर त्यांना एक ठिपका दिसला होता. तेव्हापासून हंस नक्षत्र आकाशात असेल त्या प्रत्येक ऋतूत त्यांनी त्या अभ्रिकेची छायाचित्रे घेतली, आणि प्रत्येक काच खिडकीशी धरून, भिंग लावून, त्या ठिपक्याची दीप्ती नुसत्या डोळ्याने अजमावली. काचेवर आकाश उलटे उमटते. आकाश फिकट आणि तारे काळे. जो अधिक तेजस्वी, त्याचा ठिपका अधिक मोठा. ठिपक्याशेजारी ठिपका ठेवून कोण कितीने मोठा हे सांगायचे, ही ती विद्या. यंत्रे आली तरी येझ्निकांचा डोळा हा वेधशाळेत प्रमाण मानला जाई.

तुलनेसाठी एक स्थिर तारा लागतो. येझ्निकांनी लुसिकच्या अगदी लगतचा, त्याच अभ्रिकेच्या कडेला टेकलेला एक तारा निवडला होता आणि त्याला ते साक्षी म्हणत. निवड विचारपूर्वक होती. काचेच्या कडेला ठिपके फाकतात, लेप कुठे जाड असतो कुठे पातळ. दूरच्या ताऱ्याशी तुलना केली तर हे सारे दोष हिशेबात शिरतात. लगतचा शेजारी मात्र तेच ऊन, तीच सावली सोसतो. अगदी पहिल्या वर्षी त्यांनी साक्षीची परीक्षा अभ्रिकेबाहेरच्या तीन ताऱ्यांशी लावून घेतली होती आणि तो खरा उतरला होता. एकदा पारखलेल्या साक्षीदाराला पुन्हा कोण पारखतो?

साक्षीच्या आधाराने येझ्निकांनी लुसिकची रेषा काढली होती. पारदर्शक कागदावरची ती लांबच लांब रेषा उंचावरून सुरू होई आणि डोंगरउतारासारखी सावकाश खाली येई. उजळलेला तारा याच गतीने शांत होतो, असे परदेशच्या पुस्तकांतही त्या रेषेच्या आधारे लिहिले जाई.

त्यांनी पेटी मेजावर ठेवली, तोच दारात न्वार्द उभी राहिली. ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी. तिच्या पाठोपाठ ते निवृत्त होणार होते. तिच्या वेणीतून पाणी ठिबकत होते आणि हातात पाण्याने भरलेली सुरई होती.

"इथं काच आहे," येझ्निक म्हणाले.

"माहितीये, वारपेत. हे प्यायचं पाणी आहे. टाकायचं आहे ते वेगळंच."

तिने सुरई बाहेरच ठेवली, केस पिळले, हात पुसले आणि आत येऊन उभी राहिली. बस म्हटले तरी बसली नाही.

"आज कोणी रागवायचं नाही ना?"

"सूर्य मावळेपर्यंत नाही."

"म्हणून आजचा दिवस निवडला मी. लुसिक उतरत नाहीये, वारपेत."

खिडकीबाहेर पार्गेवला कोणीतरी गाठले होते आणि तो पेटीची शपथ घेत होता. येझ्निकांनी खिडकी लावून घेतली आणि पुढचे ऐकले.

न्वार्दने जे सांगितले ते थोडक्यात असे. गेले दोन उन्हाळे ती नव्या प्रकाशमापक यंत्राने लुसिकची दीप्ती मोजत होती. काचेवरून नव्हे, थेट आकाशातून, आणि आकाशभर ज्यांची दीप्ती जगाने मान्य केली आहे अशा दूरच्या ताऱ्यांशी लावून. यंत्र म्हणत होते की लुसिक आजही जवळजवळ तिथेच आहे जिथे तो उजळला तेव्हा होता. उतरला असेल तर अगदी नखभर. येझ्निकांची रेषा मात्र म्हणत होती की तो निम्म्याहूनही खाली आला आहे. तिने यंत्र पुनःपुन्हा तपासले होते. दोष सापडला नव्हता. तिच्या प्रबंधाचे मुख्य प्रकरण यावरच उभे होते, आणि मार्गदर्शक म्हणून येझ्निकांचा अभिप्राय उद्या पहाटेच्या बसने राजधानी येरेवानला जायला हवा होता. प्रकरण ठेवायचे तर वारपेतांची रेषा चुकीची आहे असे त्यांच्याच सहीने जाणार. प्रकरण काढायचे तर प्रबंधात उरते काय?

"कारण काय लिहिलंयस?" येझ्निकांनी विचारले.

त्यांनी हात पुढे केला, तेव्हा तिने प्रकरणाचा कागद न देता मान खाली घालून वाचून दाखवले. "वयोमानानुसार निरीक्षकाच्या दृष्टीत पडलेला फरक."

"वयोमानानुसार," येझ्निक म्हणाले. "हा शब्द शोधायला किती वेळ लागला?"

"खूप. याहून मऊ सापडला नाही."

एरवी त्यांनी काय केले असते हे त्यांनाच ठाऊक. शब्द घशापर्यंत आले होते, आणि ते मऊ नव्हते. पण दिवस वर्दावारचा होता. ज्या कायद्याच्या अपवादात त्यांनी आयुष्यभर आसरा घेतला, तो कायदा आज प्रथमच त्यांच्यावर लागू झाला होता. ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंत मला रागावता येत नाही. तोवर निदान तपासून पाहू. बस आता, किती वेळ उभी राहशील?"

त्यांनी तिला जुन्या प्लेटा काढायला लावल्या आणि प्रत्येकीच्या कडेवरची चिठ्ठी, जिच्यावर तारीख असते, कागदाने झाकायला सांगितले. मग ती एकेक काच क्रम मोडून त्यांच्या हाती देऊ लागली. येझ्निक भिंग लावीत, श्वास धरीत आणि लुसिक साक्षीहून कितीने लहान किंवा मोठा ते सांगत. न्वार्द ते जुन्या नोंदीशी ताडून पाही. दुपार होईतो हे चालले. तरुणपणी त्या डोळ्याने जे सांगितले होते तेच तो म्हातारपणी सांगत होता, इतके तंतोतंत की न्वार्दला आपल्या मऊ शब्दाची लाज वाटू लागली.

"डोळा ठीक आहे तुमचा," ती हळूच म्हणाली.

"आणि तुझं यंत्रही?"

"तेही."

"मग दोघांतलं खोटं कोण बोलतंय?"

न्वार्द म्हणाली की प्रकरण राहू दे, ती ते काढून टाकील, दुसरे काही लिहील, वेळ लागेल एवढेच. हे तिने फार सहजपणे म्हटले, आणि त्या सहजपणाने येझ्निकांना सकाळच्या वाक्याहून अधिक दुखावले. दोन उन्हाळे रात्रीच्या थंडीत कुडकुडत काढलेले खरे माप ती मुलगी, एका म्हाताऱ्याची रेषा सरळ दिसावी म्हणून, पोटात घालायला निघाली होती. तिला त्यांनी जेवायला पाठवून दिले.

वर्दावारला ते स्वतः घरी जेवायला जात नसत. काच सोडून रस्त्यावर जाणे म्हणजे भिजणे. त्यामुळे त्यांची पत्नी वार्सेनिक जेवण घेऊन येई आणि संग्रहालयामागच्या तुतीखाली चटई पसरी. आज तिच्याबरोबर येरेवानहून सुटीला आलेली नात झाबेल होती आणि शेजारच्या घरातली आर्पी. तिघीही नखशिखांत ओल्या. वार्सेनिकने लवाशच्या पातळ रोट्यांची चळत सोडली, चीज, हिरवा पाला, पानांत सारण गुंडाळलेल्या तोल्म्याचे भांडे आणि तानाची, म्हणजे थंड ताकाची, बरणी मांडली, आणि मांडता मांडता नवऱ्याला ऐकवले.

"लग्नाच्या वर्षीसुद्धा हा माणूस पेटी डोक्यावर घेऊन आला होता माझ्या अंगणात. माझ्या बहिणी बादल्या घेऊन उभ्या. सगळ्यांचा विरस केला. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं."

"ओळखलं होतंस," येझ्निक म्हणाले. "तरी हो म्हणालीस."

"पेटीत माझ्यासाठी काहीतरी आणलं असेल असं वाटलं होतं मला."

वार्सेनिकने त्यांच्याकडे नीट पाहिले. लवाशमध्ये चीज गुंडाळून त्यांच्या हातात दिले.

इकडे झाबेल रुसून बसली होती. कारण आर्पीनेच सांगून टाकले. दोघी दरवर्षी तुतीखाली पाठीला पाठ लावून उभ्या राहत. गेल्या वर्षी दोघींची डोकी बरोबरीला होती. आज झाबेलचे डोके आर्पीच्या कानाशी आले. झाबेलचे म्हणणे असे की आपण कमी झालो आहोत. येरेवानच्या घरी आपल्याला पालक खायला घालतात, त्यानेच झालो असू.

आर्पी हसू दाबत होती. वार्सेनिकने मात्र हसण्यावारी नेले नाही, ओल्या केसांवरून हात फिरवीत ती म्हणाली, "झाबेल जान, तू कशाला कमी होशील? आर्पी वाढलीय. शेजारणीला फूटपट्टी करायला तुला सांगितलं कोणी? घरी चल, दाराच्या चौकटीला लावून उभी करते. चौकट काही वाढत नाही."

येझ्निकांचा घास तोंडाशी थांबला.

त्यांनी तो खाली ठेवला, आणि उठले. वार्सेनिक म्हणाली, तान तरी पिऊन जा. त्यांनी ऐकले नाही. पण ज्या माणसाला धावत सुटायचे होते तो आधी नळाशी गेला, साबणाने हात धुतले, बोटांच्या पेरांतले पाणी फडक्याने टिपले, फडके घडी करून ठेवले आणि मगच आत गेला. काचेला आनंदही ओल्या हाताने सांगायचा नसतो.

आपल्याकडे अरुंधती दाखवायची झाली तर आधी तिच्या शेजारचा ठळक तारा दाखवतात; नजर तिथे स्थिरावली की तिला बाजूला, त्या बारीक तारकेकडे नेतात, आणि ठळक ताऱ्याला सोडून देतात. येझ्निकांची नजर शेजाऱ्यावर स्थिरावली ती आयुष्यभर. त्याला सोडून दुसरीकडे कधी पाहिले नाही, एवढेच काय ते झाले होते. आणि तो शेजारी तरी कुठला? त्याच अभ्रिकेतला. जिथे एक नवजात आहे तिथे दुसरेही असणार, हे ते दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवीत आले होते. पाळणाघरात एकाला खेळताना पाहून शेजारच्या पाळण्यातल्याला ते फूटपट्टी समजून बसले होते.

त्यांनी सर्वांत जुनी काच आणि सर्वांत नवी काच काढली. अभ्रिकेबाहेरचे ते तीन तारे, पहिल्या वर्षी एकदाच विचारलेले, शोधायला त्यांना क्षण लागला नाही. भिंग लावले. पाहिले. दुसरी काच घेतली, पाहिले. पुन्हा पहिली. मग भिंग खाली ठेवून त्यांनी खिडकी उघडली आणि अंगणात जेवणाऱ्या न्वार्दला हाक मारली. आवाज इतका मोठा निघाला की पार्गेवच्या डोक्यावरची पेटी पडली आणि जर्दाळू रस्त्यावर घरंगळत गेले.

न्वार्द धावत आली. येझ्निकांनी तिला काही सांगितले नाही. तिच्या हाती फडके दिले, तिचे हात कोरडे होईपर्यंत थांबले, आणि मग नवी काच तिच्यासमोर खिडकीशी धरली.

"साक्षी, आणि कडेचे हे तीन. मी काही बोलणार नाही. तू सांग."

तिने पाहिले. "साक्षी सगळ्यांत मोठा."

"आता ही."

तिने जुनी काच पाहिली. बराच वेळ पाहिली. भिंग काढले, पुसले, पुन्हा लावले.

"इथं तर तो सगळ्यांत लहान आहे," ती म्हणाली, आणि खुर्ची शोधण्याच्या भानगडीत न पडता तिथेच जमिनीवर बसली.

मग दोघांनी मधल्या काळातल्या काचा काढल्या. या वेळी लुसिककडे कोणी पाहिले नाही. लुसिक वर्षानुवर्षे आपल्या जागी होता तसाच राहिला, आणि त्याच्या शेजारी, कोणाच्याही नकळत, साक्षी वाढत होता. एकदम नव्हे, लुसिकसारखा धडाक्याने नव्हे. इतका संथ, की एका उन्हाळ्यातून दुसऱ्यात तो ओळखू येऊ नये. काचेमागून काच तो तीन ताऱ्यांतल्या पहिल्याच्या बरोबरीला आला, मग दुसऱ्याला त्याने मागे टाकले, मग तिसऱ्याला. त्याच्याही चकतीतून काहीतरी त्याच्यावर उतरत होते, पण भरती यावी तसे. असा संथ उजळणारा नवजात तारा त्याच्या पहिल्या दिवसापासून कोणी पाहत बसलेले नसते, कारण तो वाढतो आहे हे कळेपर्यंत त्याचे बालपण संपून गेलेले असते. याचे मात्र सारे बालपण या पेट्यांत होते, दरवर्षीचे, एकही ऋतू न गाळलेले. कारण एक माणूस त्याला स्थिर समजून दरवर्षी त्याच्याकडे पाहत आला होता.

न्वार्दला आता रडू येत होते आणि ती हसत होती. येझ्निकांनी भिंतीवरून आपला पारदर्शक कागद उतरवला. वरची कड खाली घेतली, खालची वर, आणि कागदाची पाठ आपल्याकडे करून तो खिडकीच्या उजेडात धरला. काळ तसाच डावीकडून उजवीकडे वाहत होता. फक्त उताराची चढण झाली होती.

"ही घे तुझ्या प्रकरणाची दुसरी आकृती," ते म्हणाले.

न्वार्दने मान तिरकी करून पाहिले. आनंदातही तिची तर्कबुद्धी जागी होती. ती म्हणाली की लुसिकचा तो नखभर उतार यातून वजा करावा लागेल. येझ्निकांनी मान्य केले. आणि आज रात्री यंत्र साक्षीवर लावून त्याचे माप घ्यायचे, त्याआधी कोणाला काही सांगायचे नाही, असेही बजावले. हे बजावणे निष्फळ होते. पार्गेव खिडकीखाली जर्दाळू गोळा करीत उभा होता आणि त्याने सगळे ऐकले होते.

सूर्य पश्चिमेकडे कलू लागला, तेव्हा येझ्निकांनी अभिप्रायाचा कागद पुढे ओढला. न्वार्दने आधी आपले ते वाक्य खोडण्यासाठी पेन उचलले होते. त्यांनी तिचा हात थांबवला.

"काढू नकोस. दुरुस्त कर."

"काय लिहू?"

"लिही: निरीक्षकाची दृष्टी अचूक होती, निरीक्षकाच्या विश्वासाची तपासणी झाली नव्हती. आणि पुढे लिही की प्रसिद्ध झालेली रेषा लुसिकची नाही, त्याच्या शेजाऱ्याची आहे."

"वारपेत, हे येरेवानमध्ये सगळे वाचतील. परदेशातही वाचतील."

"वाचू देत. ती चूक नीट, न चुकता, दरवर्षी केली म्हणून तर तो पोरगा सापडला."

त्यांनी सही केली. एवढी मोठी सही त्यांनी याआधी फक्त लग्नाच्या नोंदीवर केली होती, असे वार्सेनिक पुढे सांगत असे. मग न्वार्दने विचारले की साक्षीला आता नाव काय द्यायचे. साक्षी तर म्हणता येणार नाही. येझ्निक म्हणाले, मोजून होऊ दे, मग बारसे. परंतु त्यांच्या मनात नाव ठरलेले दिसत होते, कारण ते स्वतःशीच हसत होते.

प्लेटा एकेक करून आपापल्या खाचांत गेल्या, पेटी बंद झाली. न्वार्द म्हणाली, पेटी मी आत ठेवते. आणि येझ्निकांनी ती तिच्या हाती दिली.

दारापाशी येऊन ते थांबले. रस्त्यावर दिवसभराच्या पाण्याचा चिखल झाला होता आणि उन्हात तो तांब्यासारखा चमकत होता. पायरीखाली पार्गेव होता, दुर्बिणीवरची आणखी दोनचार माणसे होती, आजोबांना घरी न्यायला आलेल्या झाबेल आणि आर्पी होत्या, आणि मागे कमरेवर हात ठेवून वार्सेनिक. सगळ्यांकडे घागरी, बरण्या, बादल्या होत्या. येझ्निकांनी दोन्ही हात पुढे केले आणि उलटसुलट करून दाखवले. हात रिकामे होते. मग ते पायऱ्या उतरून रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले.

कोणी हलेना. इतक्या वर्षांची सवय अशी एका क्षणात सुटत नाही. पार्गेवने बादली उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"सूर्य बुडतोय," येझ्निक म्हणाले. "मग मला रागावता येईल."

तेव्हा झाबेल पुढे झाली. तिने आपली बरणी दोन्ही हातांनी उचलली, टाचा वर केल्या, आणखी वर केल्या. बरणी आजोबांच्या छातीशी आली आणि तिथेच डगमगली. तिने मागे वळून पाहिले, ओठ मुडपले, आणि मग मोठ्या मनाने ती बरणी आर्पीच्या हातात दिली.

"तू ओत," ती म्हणाली. "तू पोचतेस."

आर्पीने बरणी उंच धरली. येझ्निकांनी तिला अधिक सोपे जावे म्हणून मान थोडी वाकवली आणि डोळे उघडेच ठेवले. पाणी अरागात्सच्या बर्फाचे होते. ते भुवयांवरून, डोळ्यांवरून, सदऱ्याच्या आत सरसर उतरले, आणि वेधशाळेच्या त्या थोर, कोरड्या माणसाच्या तोंडून असा काही आवाज निघाला की संग्रहालयातून न्वार्द धावत दाराशी आली. तोवर वार्सेनिकची घागर त्यांच्यावर रिकामी झाली होती, आणि ती म्हणत होती की ही माझ्या बहिणींकडून.